‘नागपूर’ नीट दिसतं, ‘वर्धा’ मोडतं: हौशी ॲपसाठी फ्लटर की पायथन-किवी?

व्हेरिएबल, लूप, फंक्शन कळतं, संध्याकाळचा तास-दीड तास रिकामा मिळतो आणि लॅपटॉपवरही चालेल, फोनवरही चालेल असं एखादं ॲप स्वतःच्या हाताने करायचं आहे. असा माणूस थोडा शोध घेतला की दोन नावांवर येऊन अडकतो. एक फ्लटर, म्हणजे गूगलचं, डार्ट भाषेतलं. दुसरं पायथनमधलं किवी. मी दोन्ही वापरली आहेत. कोणतं ‘भारी’ यावर भांडण्यात अर्थ नाही, पण मराठी ॲप करणाऱ्यासाठी एक गोष्ट अशी आहे की तिच्यावर पारडं झुकतं. तिच्याकडे येतोच.

तुलनेसाठी एकच नमुना डोळ्यांसमोर ठेवा: नागपूरच्या इतवारीतल्या किराणा दुकानाची उधारीची वही. चार रकाने, नाव, गाव, रक्कम, तारीख. सगळं मराठीत. दुकानातल्या विंडोज संगणकावर आणि मालकाच्या अँड्रॉइड फोनवर चालायला हवं.

अँड्रॉइडच्या कोटलिन भाषेचं काय, असं कोणी विचारेल. फक्त अँड्रॉइड करायचं असेल तर अँड्रॉइड स्टुडिओ आणि जेटपॅक कंपोज हाच सरळ रस्ता आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तेच कंपोज डेस्कटॉपवरही नेता येतं. पण हौशी माणसाला ग्रेडलच्या, म्हणजे अँड्रॉइड ॲप बांधणाऱ्या साधनाच्या, फायलींत जितकं डोकं घालावं लागतं, तितकं सुरुवातीलाच घालू नये असं माझं मत. आयफोनचा विषय तर दोन मिनिटांचा आहे: काहीही निवडा, शेवटी बिल्डसाठी, म्हणजे कोडचं तयार ॲप बांधायला, मॅक लागतोच.

पहिली संध्याकाळ

इथे पायथन सरळ जिंकतं. पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाने, किवी बसवायचं, दहा ओळी लिहायच्या, खिडकी उघडते. एकच जपायचं: पायथनची अगदी ताजी आवृत्ती घेऊ नका. किवीच्या तयार फायली नव्या पायथनसाठी उशिराने येतात. मग पिप सोर्समधून बांधायला जातं आणि लाल अक्षरांचा पूर येतो. एक आवृत्ती मागची घेतली की काम झालं.

फ्लटरची पहिली संध्याकाळ मात्र डाउनलोडमध्येच जाते. एसडीके (म्हणजे साधनांचा संच), अँड्रॉइड स्टुडिओ आणि विंडोजचं ॲप करायचं तर व्हिज्युअल स्टुडिओ. लक्षात घ्या, व्हीएस कोड नव्हे. मोठा व्हिज्युअल स्टुडिओ, त्यात ‘डेस्कटॉप डेव्हलपमेंट विथ सी प्लस प्लस’ हा गट टिकमार्क करून. इथे बरेच जण फसतात, कारण व्हीएस कोड आधीच असतो आणि वाटतं की झालं. मग ‘फ्लटर डॉक्टर’ ही आज्ञा द्या, काय राहिलं ते तो एकेक ओळीत सांगतो. अँड्रॉइडच्या ओळीपुढे उद्गारचिन्ह दिसलं तर बहुतेक वेळा दोनच कारणं असतात: एसडीके मॅनेजरमध्ये ‘कमांड-लाइन टूल्स’ची खूण राहिलेली असते, किंवा लायसन्स मान्य करायची राहिलेली असतात.

अजून एक खोच, आपल्याकडे हमखास लागणारी. विंडोजमध्ये युजरचं नाव देवनागरीत असेल किंवा प्रोजेक्ट ‘उधारी वही’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवला असेल, तर अँड्रॉइडचं बिल्ड पाथमधल्या, म्हणजे फोल्डरच्या पत्त्यातल्या, अक्षरांवरून अडतं. सी ड्राइव्हवर थेट एक साधं इंग्रजी नावाचं, मध्ये जागा नसलेलं फोल्डर करा. एसडीके आणि प्रोजेक्ट दोन्ही त्यात. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये एसडीके टाकू नका, तिथे लिहायची परवानगी आडवी येते. आणि प्लगइन वापरायच्या आधी विंडोजच्या सेटिंगमध्ये डेव्हलपर मोड चालू करून ठेवा.

जिथे निर्णय झाला

आता मुख्य मुद्दा. किवीच्या लेबलमध्ये ‘नागपूर’ लिहा. आधी रिकामे चौकोन दिसतील, कारण त्याचा मूळचा फाँट रोबोटो आणि त्यात देवनागरी नाही. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता या फाँटची टीटीएफ फाइल सोबत ठेवून तो लावला की ‘नागपूर’ छान उमटतं. अमरावती उमटतं, अकोला उमटतं, यवतमाळ, भंडारा, बुलढाणा सगळे उमटतात. वाटतं, प्रश्न मिटला.

मग ‘वर्धा’ लिहा. रफार ‘धा’च्या डोक्यावर जातच नाही. ‘र’ पाय मोडून मधेच उभा राहतो आणि ‘धा’ बाजूला. ‘चंद्रपूर’मधले द आणि र वेगळे राहतात. ‘गोंदिया’ आणि ‘गडचिरोली’ची ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर येते आणि पुढच्याच अक्षरावर चढते. वाशिम ऱ्हस्व लिहिलंत तर तेही गेलं. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांत पाच जिल्हे मोडके.

कारण साधं आहे. युनिकोडमध्ये आपण ‘व, र, हलन्त, ध, काना’ असं उच्चाराच्या क्रमाने साठवतो. त्याचं रफार करणं, वेलांटी पुढे आणणं, जोडाक्षर जुळवणं हे काम आकार देणाऱ्या वेगळ्या यंत्रणेचं असतं. फाँट नुसते ठोकळे पुरवतो, ते रचायचे कोणी? ब्राउझर आणि अँड्रॉइड हे काम हार्फबझ या लायब्ररीकडून करून घेतात. फ्लटरमध्येही तीच आहे, त्यामुळे टेक्स्ट विजेटमध्ये (विजेट म्हणजे पडद्यावरचा घटक) ‘वर्धा’ लिहिलं की वर्धाच दिसतं. काही सांगावं लागत नाही.

किवीशी अन्याय नको. नव्या आवृत्त्यांत लेबलला लिपीचं नाव सांगायची सोय आहे. मूळ किंमत लॅटिनची असते, ती ‘देवा’ या चार इंग्रजी अक्षरांच्या संकेताने बदलायची. प्रत्येक लेबलला वेगळं सांगत बसू नका. केव्ही फाइलच्या, म्हणजे किवीच्या मांडणीच्या फाइलच्या, सुरुवातीला लेबल वर्गासाठी एकच नियम लिहा, त्यात फाँट आणि लिपी दोन्ही द्या. बटण हे लेबलच्याच वंशातलं, म्हणून तेही सुधारतं. पण ग्राहकाचं गाव लिहायची चौकट, म्हणजे टेक्स्टइनपुट, त्या वंशातली नाही. तिला हा नियम लागत नाही. परिणाम असा की यादीत ‘वर्धा’ नीट आणि टाइप करताना मोडका. शिवाय तिथे बाणाची कळ दाबली की कर्सर एकेका युनिकोड चिन्हावर थांबतो, ‘र’ आणि हलन्ताच्या मधेसुद्धा. दुकानदाराला हे दाखवून बघा. ‘काहून बे, असं काहून दिसून राह्यलं?’ या प्रश्नाला युनिकोडचं व्याख्यान हे उत्तर होऊ शकत नाही.

माझ्या दृष्टीने हिशेब इथेच मिटला. कोणाला ही बाब क्षुल्लक वाटेल. ॲपमध्ये मराठी नसेल तर ती आहेच क्षुल्लक.

सगळा दोष पायथनचाही नव्हे, हेही सांगायला हवं. टीकिंटर, ही पायथनची खिडक्या बनवणारी लायब्ररी, विंडोजवर देवनागरी बरोबर दाखवते, कारण तिथे अक्षरं विंडोज रचतं. तेच टीकिंटर, आठ-सहा (८.६) मालिकेचं, लिनक्सवर पुन्हा ‘वर्धा’ मोडतं. पायसाइड, अशीच दुसरी लायब्ररी, मात्र दोन्हीकडे व्यवस्थित.

अक्षरांचे दोन प्रश्न तर फ्लटरमध्येही तसेच राहतात. ‘ळ’ युनिकोडमध्ये ल आणि व यांच्या मधे बसतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. नुसतं सॉर्ट केलं तर यादी मराठी कोशाप्रमाणे लागत नाही. आणि ‘कुऱ्हा’ या गावाचा ऱ्ह दोन तऱ्हांनी साठवला जातो: नुक्तावाला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. दिसायला एकसारखे, शोधताना वेगळे. लॅपटॉपच्या कीबोर्डवरून एक, फोनवरून दुसरा, आणि मग शोधलेला ग्राहक सापडतच नाही. साठवण्याआधी दुसऱ्या रूपाचं पहिल्यात रूपांतर करणारं दोन ओळींचं फंक्शन दोन्ही भाषांत लिहावंच लागतं.

फोनवर नेताना

किवीचं ॲप फोनवर न्यायचं तर बिल्डोझर (पायथन कोडचं फोनचं ॲप बांधणारं साधन) लागतो आणि तो विंडोजवर चालत नाही. डब्ल्यूएसएलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याच्या सोयीत, उबुंटू बसवा. प्रोजेक्ट सी ड्राइव्हवरून न चालवता लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये कॉपी करा, नाहीतर फाइल वाचण्यातच वेळ जातो. पहिल्या बिल्डला तो अँड्रॉइडची सगळी सामग्री उतरवतो आणि पायथनसुद्धा फोनसाठी नव्याने बांधतो. चहा, जेवण, दोन्ही उरकतं. मधेच ‘लाँग’ नावाची ओळख पटत नाही असा एरर आला तर बिल्डमध्ये वापरल्या जाणाऱ्या सायथन या साधनाची तिसरी मालिका बसलेली आहे, शून्य-एकोणतीसवर (०.२९) या.

आणि हा फास नक्की लागतो: बिल्डोझरच्या स्पेक फाइलमध्ये कोणत्या फायली ॲपमध्ये उचलायच्या त्याची एक ओळ असते. मूळच्या ओळीत पीवाय, पीएनजी, जेपीजी, केव्ही आणि ॲटलस एवढेच प्रकार असतात. टीटीएफ नाही! म्हणजे लॅपटॉपवर मराठी फाँट दिसतो आणि फोनवर ॲप लोगो दाखवून बंद पडतं. त्या ओळीत टीटीएफ घाला. फोन डब्ल्यूएसएलला थेट दिसत नाही, म्हणून तयार एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) विंडोजकडे आणून तिथल्या एडीबी या फोनशी बोलणाऱ्या साधनाने टाका, आणि बंद का पडलं ते लॉगकॅटमध्ये, म्हणजे फोनच्या नोंदींत, ‘पायथन’ शब्दाच्या ओळी तेवढ्या निवडून वाचा.

फ्लटरमध्ये फोन केबलने जोडला की रन. हॉट रीलोडमुळे रंग, अंतर, मजकूर बदलून सेव्ह केलं की फोनवर लगेच बदल दिसतो. (सुरुवातीच्या स्थितीचा कोड, म्हणजे इनिटस्टेट वगैरे बदललं तर मात्र हॉट रीस्टार्ट लागतो, ‘बदल का दिसत नाही’ याचं नेहमीचं उत्तर हेच.) फोन दिसत नसेल तर आधी केबल बदला, नुसत्या चार्जिंगच्या केबलमधून डेटा जात नाही. नागपुरात बर्डीच्या बाजारात घेताना डेटा केबल असं ठणकावून मागा.

एम्युलेटरच्या, म्हणजे लॅपटॉपवर चालणाऱ्या नकली फोनच्या, नादी लागू नका, विशेषतः रॅम ८ जीबी असेल तर. हल्लीच्या फ्लटर साच्यात ग्रेडलच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये मेमरीची मर्यादाच ८ जीबी लिहिलेली असते. अशा लॅपटॉपवर ती २ जीबीवर आणा, मशीन गुदमरणं थांबतं. आणि नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, खोलीतला कूलरही दमलेला असताना, दुपारी रिलीज बिल्ड (द्यायच्या अंतिम ॲपची बांधणी) लावू नये. लॅपटॉप तापून स्वतःचा वेग उतरवतो. तेच बिल्ड सकाळी सहाला निमूट होतं.

फ्लटरची दुखणी

ती आहेत, आणि कमी नाहीत. डार्ट सोपी आहे, पण फ्लटरबाहेर तिचा फारसा उपयोग नाही. पायथन शिकलेलं दहा ठिकाणी कामी येतं. कंसात कंस, त्यात कंस असं रान माजतं. पन्नास ओळींच्या वर गेलेलं विजेट लगेच वेगळं काढण्याची सवय लावली नाही तर महिन्याने आपलाच कोड वाचवत नाही.

उधारीच्या वहीला एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस लागेल. पायथनमध्ये ते अंगभूत आहे. फ्लटरमध्ये जो तो एसक्यूफ्लाइट हे पॅकेज सुचवतो आणि ते फोनवर उत्तम चालतं, पण विंडोजवर चालत नाही. तिथे त्याचंच एफएफआय नावाचं भावंड जोडून कोडच्या सुरुवातीला डेटाबेस उघडणारी ‘डेटाबेस फॅक्टरी’ बदलावी लागते. जुनं पॅकेज घेतलं तर ‘नेमस्पेस’ दिलेला नाही असा एरर येतो. ते दुरुस्त करत बसण्यापेक्षा पॅकेजची नवी आवृत्ती किंवा दुसरं पॅकेज बघा. इंटरनेटची परवानगी डीबगमध्ये (चाचणीच्या बिल्डमध्ये) आपोआप असते, रिलीजमध्ये नसते; मुख्य मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपच्या परवानग्यांच्या फाइलमध्ये, ती ओळ स्वतः लिहा.

विंडोजचं ॲप देताना नुसती ईएक्सई पेन ड्राइव्हवर नेऊ नका. रिलीजचं पूर्ण फोल्डर न्यायचं, डेटा फोल्डर आणि डीएलएल फायलींसह. दुकानातल्या जुन्या संगणकावर व्हिज्युअल सी प्लस प्लसचा रनटाइमही नसतो, तो सोबत न्या. पायथनवाल्यांची इथे वेगळी रड आहे: पायइन्स्टॉलर या साधनाने बांधलेली एकाच फाइलची ईएक्सई दर वेळी स्वतःला उलगडत उशिरा उघडते, आणि अँटिव्हायरस तिला संशयाने बघतो.

तरीही कोणी विचारलंच, तर मी हळूच फ्लटरकडे बोट दाखवेन. पायथन आधीपासून येत असेल आणि ॲप फक्त विंडोजवर राहणार असेल, तर टीकिंटर किंवा पायसाइडने काम दोन रविवारांत होतं. तिथे फ्लटरचा घाट घालण्यात काही हशील नाही.

निवडलं फ्लटर, तर वहीचं पहिलं एपीके मालकाच्या फोनवर टाकण्याआधीच स्वतःची कीस्टोअर (ॲपवर सही करायची किल्ली) बनवा आणि तिची फाइल व पासवर्ड लॅपटॉपबाहेर दोन ठिकाणी ठेवा. डीबगच्या किल्लीने सही केलेलं ॲप आज चालतं, पण उद्या लॅपटॉप बदलला की नवी आवृत्ती जुन्यावर बसत नाही. आधीचं काढून टाकावं लागतं, आणि त्यासोबत सगळ्या गिऱ्हाइकांची उधारीही जाते.