हायड्रोजन पाण्याची बाटली, नऊ महिन्यांनंतर: झाकणातली रिंग आणि आमच्या यांचं लिव्हर

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बटण दाबलं की ही बाटली विजेने पाण्यातून हायड्रोजन वायू काढते आणि तो त्याच पाण्यात विरघळवते. ते पाणी लिव्हरला चांगलं म्हणून विकतात. आमची 8,499 रुपयांची, '3,000 पीपीबी'वाली (पीपीबी म्हणजे पाण्याच्या एक अब्ज भागांत हायड्रोजनचे किती भाग), बटण दाबल्यावर दहा मिनिटांची सायकल. जूनमध्ये यांच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी, ग्रेड 2 निघालं. एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढतं ते एन्झाइम) 96. हे दारूला कधी शिवले नाहीत, त्यामुळे घरात सगळेच हादरलो. डॉक्टरांनी वजन 7 ते 10 टक्के उतरवा म्हणून सांगितलं. भाच्याने ही बाटली सुचवली. डॉक्टर म्हणाले, पाणीच आहे, प्या, पण तिच्या भरवशावर राहू नका. आम्ही राहिलो.

रोज सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली. सप्टेंबरच्या तपासणीत एसजीपीटी 71 वर आला. मी तेव्हा दोन जावांना आणि शेजारच्या वहिनींना 'घ्याच' म्हणून सांगितलं होतं. त्या तिघींनी हे जरूर वाचावं.

ऑक्टोबरच्या मध्यात बाटली बिघडली. बुडबुडे येत होते, निळा दिवा लागत होता, पण झाकण उघडताना होणारा 'फुस्स' आवाज गेला. मी तीस वर्षं कुकर वापरतेय, शिट्टी होत नसली की आधी रिंग बघायची हे हाताला माहीत आहे. सिलिंडरच्या रेग्युलेटरला लावतो तसा साबणाचा फेस झाकणाभोवती लावला आणि सायकल सुरू केली. एकाच जागी, बटणाच्या बरोबर मागे, फेस फुगायला लागला. रिंग काढून नखाने ताणली तर केसाएवढी चीर.

एवढ्याशा रिंगेवर इतकं का लिहितेय ते सांगते. साध्या हवेच्या दाबाला एक लिटर पाण्यात हायड्रोजन जेमतेम 1.6 मिलिग्रॅम विरघळतो, म्हणजे 1,600 पीपीबी. 3,000 गाठायचे तर बंद बाटलीत दाब तयार झालाच पाहिजे. म्हणजे ज्या आकड्यासाठी आपण जास्तीचे पैसे मोजतो, तो आकडा सगळा या रिंगेवर उभा आहे. ती गेली की उरतात नुसते बुडबुडे.

कंपनीला फोन केला. पहिलं उत्तर, 'तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल, क्षार बसले असतील.' आम्ही पहिल्या दिवसापासून आरओचं पाणी घालतोय. आणि क्षार बसतील ते खाली इलेक्ट्रोडच्या, म्हणजे पाण्यात वीज सोडणाऱ्या पत्र्यावर, झाकणातल्या रबराला चीर कशी पाडतील? दुसरं उत्तर, रिंग वॉरंटीत येत नाही. तिसरं, रिंग सुटी मिळत नाही, अख्खं झाकण घ्या, 1,850 रुपये. व्हिडिओ पाठवला, फोटो पाठवले, अकरा फोन केले. दर वेळी नवीन मुलगी, दर वेळी पहिल्यापासून सगळी कहाणी. साठ रुपयांच्या वस्तूसाठी 1,850 मागणं ही लूट आहे. मी पैसे दिले नाहीत, बाटली कपाटात ठेवली.

ती अकरा आठवडे बंद होती. तोवर पाऊस संपला होता. हे रोज पहाटे रंकाळ्यावर पाऊण तास चालायला लागले. रात्री भाताऐवजी एक भाकरी आणि पालेभाजी. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रक्त तपासलं तर एसजीपीटी 44. वजन 86 वरून 80.

इथे माझं मत बदललं. बाटली चालू असताना 25 ने उतरला आणि बंद असताना 27 ने. मग मी मागचा हिशेब परत मांडला. जुलै ते सप्टेंबर म्हटलं की मधे श्रावण आला. आमच्याकडे श्रावणात मटण नाही, पांढऱ्या रश्श्याच्या वाट्यावर वाट्या नाहीत. शिवाय ग्रेड 2 ऐकल्यावर यांनी कोल्ड्रिंक आणि रात्रीचं साखरेचं दूध सोडलं होतं. ते सगळं श्रेय मी बाटलीला देऊन बसले होते.

भाचा फार्मसी शिकतोय. त्याला बसवून मूळ संशोधन वाचून घेतलं. हे सगळं थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. 2007 मध्ये जपानच्या निप्पॉन मेडिकल स्कूलच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की हायड्रोजन शरीरातल्या सगळ्यात घातक हायड्रॉक्सिल रॅडिकलला (पेशींना इजा करणारा कण) निवडून निकामी करतो. तो प्रयोग उंदरांच्या मेंदूवरचा. त्याच वर्षी उंदरांच्या लिव्हरवरही झाला. माणसांवरचं मात्र फार थोडं आहे. कोरियात 2011 मध्ये लिव्हरच्या गाठींसाठी रेडिएशन घेणाऱ्या 49 रुग्णांवर अभ्यास झाला. हे पाणी पिणाऱ्यांना त्रास कमी झाला, भूक टिकली, पण गाठींवरच्या परिणामात फरक नव्हता. चीनमध्ये 2013 मध्ये हिपॅटायटिस बीचे 60 रुग्ण घेतले. ऑक्सिडेटिव्ह ताण (अशा कणांमुळे शरीरावर येणारा ताण) कमी झाला, पण लिव्हर फंक्शन हे पाणी पिणाऱ्या आणि न पिणाऱ्या दोन्ही गटांचं सारखंच निघालं. आमच्या दुखण्याचा, फॅटी लिव्हरचा, 2019 चा अभ्यास अवघ्या 12 जणांचा आणि 28 दिवसांचा. त्यात लिव्हरच्या काही भागांतली चरबी थोडी उतरली. बारा माणसं तर आमच्या पंगतीला एका बाजूला बसतात. तेवढ्यावर 8,499 ची वस्तू 'लिव्हरसाठी' म्हणून विकणं मला पटत नाही.

रिंग शेवटी महाद्वार रोडच्या कुकर दुरुस्तीवाल्याने करून दिली. त्याने जुनी रिंग अंगठ्यावर फिरवून बघितली, चिरेवर नख ठेवलं आणि म्हणाला, 'ताई, हे रबर गरम वाफेचं नाही, पण दाबाला पातळ पडलंय.' फूड ग्रेड सिलिकॉनची किंचित जाड रिंग कापून बसवली. साठ रुपये. 'फुस्स' परत आला. पाण्यात हायड्रोजन किती ते भाच्याने मागवलेल्या निळ्या थेंबांनी मोजलं. ठरलेल्या मापाच्या पाण्यात एकेक थेंब सोडायचा, रंग उडेल तितके थेंब मोजायचे, एक थेंब म्हणजे साधारण 100 पीपीबी. चिरलेल्या रिंगेवर 8 थेंब, नव्या रिंगेवर 17. तीसपर्यंत, म्हणजे कंपनीच्या 3,000 पर्यंत, आकडा एकदाही गेला नाही.

यांना त्या पाण्याची सवय झालीय, त्या निमित्ताने पाणी भरपूर पितात, म्हणून बाटली चालू ठेवलीय. नवीन कुणी विचारलं तर मी घेऊ नका म्हणते, आधी पहाटेचं चालणं सुरू करा. ज्यांनी घेतलीच आहे त्यांनी महिन्यातून एकदा साबणाचा फेस लावून बघा. रिंग करून घ्यायला जाताना जुनी रिंग फेकू नका, नमुन्याला सोबत न्या. मी पहिल्या खेपेला नुसतं झाकण घेऊन गेले होते, माप मिळेना, परत यावं लागलं.