डिस्पोजलची जिप्सी, जर्सी आणि डीएमएस बूट: नऊ महिने वापरून
डिस्पोजलची, म्हणजे आर्मीने वापरून विकायला काढलेली मारुतीची जिप्सी जीप घेऊ का असं विचारणारे फार झाले, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी १९९५ ला एएससीत, म्हणजे आर्मीच्या रसद-वाहतुकीच्या दलात, ड्रायव्हर म्हणून भरती झालो, सतरा वर्षं काढली, आता वाई तालुक्यात शेती करतो. दिवाळीच्या आधी आर्मीतून निघालेली जिप्सी घेतली. थेट लिलावातून नाही, लिलावात लॉट उचलणाऱ्या एका डीलरकडून. पेट्रोल, तेराशे सीसी, वर कापडी हूड. कागद पंधरा दिवसांत हातात देतो म्हणाला आणि नंबर पडायला तीन महिने लागले, तोवर गाडी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली. कागद पूर्ण झाल्याशिवाय सगळे पैसे देऊ नका, मी दिले.

रंग बदलावाच लागतो हे आधीच सांगून ठेवतो. ओजी, म्हणजे ऑलिव्ह ग्रीन, हा लष्करी हिरवा रंग फक्त डिफेन्सच्या गाड्यांना, केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२१ नंबरचा नियमच आहे तसा. मी राखाडी मारून घेतला. पण पेंटरने दाराच्या आतल्या कडेला हात नीट फिरवला नाही आणि मी पण त्याला काही बोललो नाही. दार उघडलं की बोटभर ओजी दिसतो.

चालवायला कशी, तर खरं सांगायचं तर आदळते. चारही चाकांना ट्रकसारखे स्प्रिंगचे पाटे, त्यामुळे रिकामी गाडी खड्ड्यात गेली की मणका मोजून देते, मागच्या आडव्या बाकांवर बसलेला माणूस तर परत बसायचं नाव काढत नाही, आमची ही एकदाच पाचगणीपर्यंत मागे बसली आणि येताना एसटीने आली. ॲव्हरेज दहा, घाटात नऊ. पॉवर स्टेअरिंग नाही, एसी नाही, ऐंशीच्या पुढे एवढा आवाज की फोन घ्यायला गाडी बाजूला लावावी लागते. पण आषाढात आमच्या वावराच्या वाटेला ट्रॅक्टर रुतून बसला होता तिथून फोर-एलमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या हळू गिअरमध्ये, ही अशी निघाली की बांधावरचे दोघं नुसते बघत राहिले. वजन कमी, हीच तिची ताकद.

मी गाडी शिकलो आर्मीच्या शक्तिमान ट्रकवर. जर्मनीच्या मान कंपनीचं डिझाइन, बनायचा जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत. शिकवणाऱ्या उस्तादांनी त्यावर डबल क्लच, म्हणजे एका गिअरला दोनदा क्लच दाबायचा, घोटून घेतला, गिअर कचकला की उतरून गाडीभोवती तीन फेऱ्या. नंतर स्टॅलियन ट्रक आला, आरामाची गाडी, पण जीव शक्तिमानवर. त्याच्या मागच्या डिफरन्सवर, म्हणजे मागच्या चाकांच्या मधल्या गोळ्यावर, पांढरा रंग आणि वर एक बारका दिवा असायचा. रात्री कॉन्व्हॉय मोठे लाइट बंद ठेवून चालायचा तेव्हा पुढच्या गाडीचा तो पांढरा गोळा बघत जायचं, गोळा दिसतोय म्हणजे अंतर बरोबर, दिसेनासा झाला की छातीत धस्स. अजूनसुद्धा रात्री हायवेला ट्रकच्या मागे लागलो की नजर टेललाइटवर न जाता खाली डिफरन्सवर जाते. द्रासला असताना पहाटे बर्फासाठी चाकांना चेन बांधायची वेळ यायची, ग्लव्हजमध्ये कडी लागत नाही आणि ग्लव्हज काढले तर बोटं लोखंडाला चिकटतात. शेवटी एक हात उघडा, एक काखेत, आलटून पालटून.

सवय म्हणून जिप्सीची पण रोज सकाळी फर्स्ट परेड, म्हणजे आर्मीतली गाडीची सकाळची तपासणी, करतो, ऑइल, पाणी, बेल्ट, टायर, नट. ही म्हणते पूजा आटोपली का. एकदाच टाळली, भाच्याच्या लग्नाला उशीर होत होता, आणि नेमकं त्याच दिवशी पसरणी घाटात रेडिएटरचा पाइप सुटला, सफारी घालून दगडावर बसलो तासभर. पाइप शंभर-दीडशेचा, बसवायला दहा मिनिटं. हे मात्र कबूल करावं लागेल, या गाडीत आतापर्यंत जे जे मोडलं ते मला पान्यांच्या एका पिशवीत दुरुस्त करता आलं.

आता कपड्यांचं. आर्मीत वस्तूचं नाव उलटं असतं, बूट डीएमएस (डायरेक्ट मोल्डेड सोल, म्हणजे थेट बुटावर ओतलेला सोल), कोट पारका (टोपीचं जाड जॅकेट), शर्ट अंगोला (लोकरी कापडाचा). सुई-दोऱ्याच्या बारक्या पिशवीला हाउसवाइफ म्हणतात, नवीन पोरं किट मोजताना हमखास हसायची आणि हसला की क्यूएम स्टोअरमध्ये, म्हणजे युनिटच्या सामानाच्या कोठारात, फटीग, म्हणजे अंगमेहनतीचं काम, ठरलेली.

अंगोला शर्ट गरम खरा, पण गळ्याला असा टोचायचा की जानेवारीतसुद्धा वरचं बटण लावताना शिव्या निघायच्या. जर्सीची, म्हणजे लोकरी स्वेटरची, बात वेगळी, माझी जुनी अजून रोज सकाळी अंगात असते. कोपरांवर कापडाचे पॅच असतात ना, त्यातला उजवा पार जाळी झालाय आणि डावा जवळजवळ नवा, कारण सतरा वर्षं उजवं कोपर खिडकीत. पारका मात्र यंदा बाजारातून घेतली, दुकानदार म्हणाला मिलिटरीचाच माल, महिन्याभरात चेन गेली आणि पहिल्या धुण्यात रंग बादलीत उतरला. असल्या मालाला पैसे घालू नका.

डीएमएस बूट वावरात घालायला चांगले, सोल झिजतच नाही. पण जड आहेत, आणि एकदा आत पाणी शिरलं की दोन दिवस वाळत नाहीत, पावसात आपली गमबूटच बरी.

विकणार का म्हणून तिघं विचारून गेले. सध्या नाही. नोकरीला रोज हायवेने जायचं असेल तर ही घेऊ नका, शेत असेल आणि हात काळे करायची तयारी असेल तर बघा. गेल्या आठवड्याच्या पावसात हूडची शिवण ड्रायव्हरच्या डोक्यावरच उसवलीय, डाव्या खांद्यावर थेंब पडतो. टेलर सगळंच नवीन शिवा म्हणतो. माझ्या हाउसवाइफमध्ये जाड ओजी दोरा अजून शिल्लक आहे, रविवारी बसतो शिवायला.