गिझर बदलायचा? आधी नागपूरचा हिवाळा मोजा

गिझरच्या बुडापासून टाइल्सवर तपकिरी ओघळ दिसायला लागला तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. मी खाली एक मग ठेवला आणि दिवाळी निभावून नेली. नोव्हेंबरात प्लंबरने खालचं झाकण उघडलं तर भिंतीच्या पोपड्यांसारखे वाटीभर पांढरे पापुद्रे बादलीत पडले. "भाऊ, टाकी सडली. आता नवीनच घ्या लागते," तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. पाणी गरमच होत नसेल तर बहुतेक वेळा एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) किंवा थर्मोस्टॅट (पाणी तापलं की वीज तोडणारा स्विच) गेलेला असतो, हजार रुपयांच्या आसपास काम होतं आणि गिझर आणखी चार वर्षं चालतो. टाकीच गळायला लागली तर मात्र दुरुस्तीत पैसे घालू नका.

मग सुरू झाला सल्ल्यांचा पाऊस. मोठा भाऊ म्हणाला सोलर बसव, शेजारचे काका म्हणाले गॅसचा घे, दुकानदार म्हणाला फाइव्ह स्टारशिवाय बघूच नका. गिझर आपल्याकडे किती दिवस चालतो, हे मात्र कोणीच विचारलं नाही. या शहराने मे २०१३ मध्ये ४७.९ अंश पाहिले आणि डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ अंश. थंडी पडते तेव्हा कडाक्याची पडते, पण नोव्हेंबरचा मध्य ते मार्चची सुरुवात, एवढाच तिचा मुक्काम. म्हणजे वर्षाचे १२० दिवस धरा. बाराही महिने गरम पाणी लागणाऱ्या गावांचे हिशेब इथे चालत नाहीत.

आधी बादलीचा हिशेब

सकाळी टाकीतलं पाणी २० अंशांचं धरू, अंघोळीला ४० अंशांचं हवं. २० लिटरच्या एका बादलीला जवळपास अर्धा युनिट वीज लागते. चौघांच्या घरात वाया जाणारी उष्णता धरून रोज सव्वादोन-अडीच युनिट, हिवाळाभरात ३०० युनिटच्या आसपास. बिलातले सगळे आकार धरून युनिट १२ रुपयांना पडतो असं मानलं, तर वर्षाला साडेतीन हजार. गॅसवर तीच बादली ४५-५० ग्रॅममध्ये होते, म्हणजे हिवाळ्यात साधारण दीड सिलिंडर, चौदाशे-पंधराशे रुपये.

एक पाहा. महावितरणच्या बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटला दर चढतो. तुमचं बिल हिवाळ्यात २५० युनिटवर असेल, तर गिझरचे महिन्याचे ७० युनिट तुम्हाला तीनशेच्या पलीकडे नेतात आणि वरचे युनिट महाग पडतात.

गॅसचा: स्वस्त, पण जागा बघून

सहा लिटरचा गॅस गिझर पाच ते आठ हजारांत येतो, दोन सेलवर पेटतो, लाइट गेली तरी चालतो, चौघांच्या अंघोळी एका पाठोपाठ एक होतात. पैशाच्या हिशेबात तोच जिंकतो. तरी मी घेतला नाही, कारण माझ्या बाथरूमला एक वीतभर झरोका आहे आणि बाल्कनी दुसऱ्या टोकाला. बंद जागेत गॅस जळताना ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, याला मात्र रंग नाही की वास नाही. माणूस अंघोळ करता करता खाली बसतो आणि दाराबाहेर कोणाला कळतही नाही. त्यामुळे गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या बाल्कनीत किंवा मोकळ्या डक्टकडे लावता येत असेल तरच पुढचा विचार करा. "एक्झॉस्ट लावून देतो, काही होत नाही" असं कोणी म्हणालं तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

दुसरी अडचण दाबाची. टाकीच्या अगदी खालच्या मजल्यावर, म्हणजे इमारतीत सगळ्यात वर राहत असाल, तर पाण्याला जोर नसतो आणि गिझर पेटतच नाही. दुकानात हे सांगत नाहीत.

सोलर: बंगलेवाल्यांचा प्रश्न

फ्लॅटवाल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. गच्चीवरून प्रत्येक बाथरूमपर्यंत गरम पाण्याची वेगळी लाइन लागते, आणि ती बांधकामातच टाकलेली नसेल तर सोसायटीशी भांडण ठरलेलं.

बंगल्यात १०० लिटरची काचेच्या नळ्यांची यंत्रणा वीस-पंचवीस हजारांत बसते, २०० लिटरची त्याच्या दीडपट-पावणेदोनपट. गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच लागते, म्हणजे कधी कधी टाकीखाली नवा चौथरा बांधा. बोअरच्या पाण्यात तांब्याच्या बारीक नळ्यांचे पॅनल क्षाराने तुंबतात, तिथे काचेच्या नळ्या बऱ्या. पण काच ती काच. फेब्रुवारी-मार्चची गारपीट आहे, आणि सेमिनरी हिल्स किंवा गोरेवाड्याच्या बाजूला राहत असाल तर माकडं आहेत. वर्षाला फार तर साडेतीन हजार वाचणार, तेव्हा पैसे वसूल व्हायला सात-आठ वर्षं. मोठं एकत्र कुटुंब असेल तर लवकर.

आणि सबसिडीचा गोंधळ. पाणी तापवणाऱ्या सोलरवरची केंद्राची सबसिडी २०१४ मध्येच बंद झाली. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ७८ हजारांपर्यंत मिळतात ते विजेच्या पॅनलसाठी. ते पॅनल गच्चीवर आधीच असतील तर वेगळ्या सोलर हीटरच्या भानगडीत पडू नका. साधा विजेचा गिझर लावा, उन्हाळ्या-पावसाळ्यात जमा झालेली वीजच त्याला पुरते का ते बिलावर बघा.

हीट पंपही दाखवतात, म्हणजे हवेतली उष्णता खेचून पाणी तापवणारं यंत्र. वीज एक तृतीयांश खातो हे खरं, पण चार महिन्यांसाठी साठ हजार कोण घालणार?

विजेचा: इन्स्टंट की टाकीचा

तीन लिटरचा इन्स्टंट तीन-पाच हजारांत मिळतो आणि ३ किलोवॉट खेचतो. तरी मिनिटाला दोन-सव्वादोन लिटरच कोमट पाणी देतो, म्हणजे बादली भरायला नऊ मिनिटं. जानेवारीत सकाळी शाळेची गडबड असताना ही नऊ मिनिटं फार लांब असतात. तो स्वयंपाकघरातल्या सिंकला ठेवा.

टाकीचा १५ लिटरचा सात ते अकरा हजार, २५ चा त्यावर दोन-तीन हजार. १५ लिटरमध्ये ६० अंशांचं पाणी गार पाणी मिसळून ३० लिटर होतं, आणि वीस-बावीस मिनिटांत टाकी पुन्हा तयार. चौघांना पुरतो. शॉवरची सवय असलेल्यांनी २५ घ्यावा. स्टार हे टाकीतलं गरम पाणी उभ्या उभ्या किती उष्णता गमावतं त्यावर असतात. दिवसभर चालू ठेवणाऱ्याने पाच बघावेत, अंघोळीआधी अर्धा तास बटण दाबणाऱ्याला तीन-चार पुरेत.

वाचलेले पैसे टाकीवर घाला. पेंच धरणाचं नळाचं पाणी येत असेल तर ठीक, पण बेसा-पिपळ्याकडे अनेक सोसायट्या बोअरवर आहेत. तिथे जड पाण्यासाठीचं एलिमेंट आणि चांगल्या अस्तराची टाकी घ्या. टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते, ती आधी झिजते म्हणून टाकी वाचते. ती दोन वर्षांनी बदलायची, खर्च काहीशेंचा. माझ्या जुन्या गिझरमधली सात वर्षांत कोणी पाहिलीच नव्हती, आत फक्त तार उरली होती.

किमतीत न धरलेलं

बसवण्याचे पाचशे-हजार, दोन जोडनळ्यांचे तीन-पाचशे. नव्या गिझरचे हुक जुन्या भोकांवर बसले नाहीत तर टाइलला ड्रिल. इमारत उंच असेल किंवा प्रेशर पंप असेल तर ८ बार दाब सोसणारं मॉडेलच मागा. आडवा घेत असाल तर पाइप डावीकडून येतात की उजवीकडून, याचा आधी मोबाइलवर फोटो काढा. मी न काढता सीताबर्डीच्या बाजारात गेलो आणि दोन चकरा पडल्या.

वायरिंगला काटकसर नको. १६ अँपिअरचा पॉइंट, किमान अडीच स्क्वेअर एमएमची वायर (३ किलोवॉटला चारची), स्वतंत्र एमसीबी (जास्त वीज खेचली की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की शॉक बसण्याआधी लाइन तोडणारा). नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर गिझरच्याही आधी अर्थिंग तपासा.

मी १५ लिटरचा, चार स्टारचा घेतला. सगळं मिळून साडेदहा हजार गेले. टाकीच घेण्यामागे आणखी एक कारण होतं, ते बायकोने सांगितलं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात पोळेल इतकं तापतं, तेव्हा आमच्याकडे पहाटे गिझर बंद ठेवून भरून ठेवतात आणि दुपारी त्याच्याच नळातून त्यातल्या त्यात गार पाणी घेतात.