‘टांकसाळीची चूक’ सांगून कानसलेली गिनी गळ्यात मारली, माझे ९७,००० रुपये बुडाले

२०२३च्या दिवाळीआधी पुण्यातल्या एका नाणे प्रदर्शनात मी १,३८,००० रुपये रोख मोजून १९१८ची मुंबई टांकसाळीची गिनी, म्हणजे ब्रिटिश काळातलं सोन्याचं नाणं, घेतली. सालाच्या वर, घोडेस्वाराखालच्या जमिनीच्या रेघेवर मुंबई टांकसाळीची खूण, बारीक इंग्रजी ‘आय’ (I), स्वच्छ दिसत होती. नाणं खरंच होतं, सोनंही खरं. खोटी होती ती कडेची चंद्रकोरीसारखी खाच.

विक्रेता म्हणाला, “साहेब, सोन्याच्या पट्टीतून नाण्याची चकती कापताना कापायचा पंच आधीच्या भोकावर पडला, म्हणून तेवढा तुकडा गेला. असा पीस परत मिळायचा नाही.” अशी चूक खरोखर होते. मला ती माहीत होती, म्हणूनच मी फसलो. बारा वर्षं नाणी जमवतोय, नवखा नाही.

भिंगातून खाचेत बारीक समांतर रेषा दिसल्या होत्या. विचारलंही, “या कसल्या?” “कटरच्या,” तो म्हणाला, आणि मी मान डोलावली. इथेच उठायला हवं होतं! खाच नेमकी राजाच्या डोक्यावर, मधोमध. माझ्या आईच्या गळ्यात आयुष्यभर गिनी होती. राजाचा चेहरा सरळ राहावा म्हणून तिची कडीही तिथेच होती. ती गिनी मी लहानपणापासून पाहिली, आणि तरी मला सुचलं नाही. मागे चार गिऱ्हाईकं उभी होती, तो घाई करत होता, वर पिवळा दिवा. तरीही.

घरच्या सराफाने काट्यावर ठेवली: ७.६१ ग्रॅम. गिनी ७.९८ची असते, आणि टांकसाळीत तिचं वजन कसून तपासलं जायचं. इतकी हलकी गिनी बाहेर पडणं फार अवघड. प्रदर्शनात स्वतःचा काटा सोबत न्या, विक्रेत्याच्या काट्यावर विसंबू नका. मग सराफाने खाचेशेजारचा फिकट डाग दाखवला. डाख, म्हणजे कडी जोडताना लावलेला सांधा. कडी उपटून, कानस मारून जागा गोल केलेली. मोडीत ४१,००० देतो म्हणाला.

खरी खाच असेल तर बहुधा तिच्या बरोबर समोरची कड पुसट उठते, कारण चकतीची कड वळवताना तिथे पुरेसा दाब बसत नाही. माझ्या नाण्याची समोरची कड अगदी ठसठशीत. टांकसाळीची दुसरी चूक म्हणून रेघही दाखवतात: नाणं उठवायच्या ठशाला चीर गेली असेल तर नाण्यावर रेघ उंच उठते. नंतरचा ओरखडा आत जातो आणि बाजूला सोनं ढकललेलं दिसतं. दिवा तिरपा धरून बघा.

चौकीत गेलो. “सोनं खरं आहे ना? मग फसवणूक कसली?” तीन खेपा घातल्या, तिसऱ्यांदा सांगितलं, ही दिवाणी बाब आहे, वकील गाठा. नाण्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. तक्रार अर्जाची पोच मागितली तर शिक्का मारणारे साहेब जेवायला गेलेले, दीड तास बाकावर बसवलं. आयोजक म्हणाले, आम्ही फक्त टेबलं भाड्याने देतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन केला, तक्रार नोंदवली, उत्तर आलं की पावतीत चुकीचा उल्लेख नाही. नव्हताच. पावतीवर होतं: ‘जुनी गिनी, १ नग’. विक्रेता तोंडाने जे सांगतो ते शब्दन् शब्द पावतीवर लिहून घ्या, नाही म्हणाला तर उठा. पैसे बँकेतून द्या.

ग्राहक आयोगात अर्ज केला आहे, दोनदा तारीख पडली, दोनदा समोरचा आला नाही.

मागच्या महिन्यात तोच माणूस दुसऱ्या प्रदर्शनात दिसला. पुढ्यात आणखी एक गिनी, खाच तिथेच, राजाच्या डोक्यावर. किंमत विचारली. १,४५,००० म्हणाला.