गुळाची पट्टी: सीएसएसवर की एक्सएसएलटीवर?

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एका अडत्यांचं काम मी दोन्ही पद्धतींनी केलंय. त्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून दिवसभराच्या गूळ सौद्यांची एक्सएमएल फाइल निघते, म्हणजे प्रत्येक माहितीभोवती तिच्या नावाचा टॅग असलेली: शेतकरी, गाव, रवे (गुळाच्या ढेपा), वजन, भाव. ती ब्राउझरमध्ये उघडून पट्टी, म्हणजे सौद्यांच्या हिशेबाचा तक्ता, छापायची, एवढंच.

सुरुवात एक्सएसएलटीनं केली; एक्सएमएलमधली माहिती हवी तशी फिरवून नवं पान बनवणारी ही भाषा. ताकद आहे, नाही म्हणत नाही. गावांची क्रमवारी लावा, रव्यांची बेरीज काढा, भाव आधी आणि नाव नंतर मांडा, सगळं एका फाइलीत. सीएसएस फक्त पान कसं दिसावं ते सांगतं; त्यात काउंटर लावून ओळींना अनुक्रमांक देता येतात, पण ४० रवे आणि २५ रवे मिळून ६५ होतात हे त्याच्या गावीही नसतं.

गावनिहाय गट पाडणं मात्र एक्सएसएलटीतही सरळ नाही. ब्राउझरात चालते ती १९९९ची १.० आवृत्ती. गट पाडायची थेट सोय २००७च्या २.० मध्ये आली आणि ती ब्राउझरांनी घेतलीच नाही. मग १.० मध्येच आडवाटेनं गट पाडायच्या म्युएंकियन पद्धतीची कसरत. जमली की झकास चालते, फक्त सहा महिन्यांनी उघडली की आपलं लिहिलेलं आपल्यालाच कळत नाही. तेही चालवून घेतलं.

चालवून घेता आलं नाही ते वेगळंच. ऐन हंगामात सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि फाइलीच्या पहिल्याच टॅगमध्ये गुपचूप एक नेमस्पेस, म्हणजे टॅगच्या नावांना लागणारं आडनावच जणू, येऊन बसली. टॅग तेच, आकडे तेच. संध्याकाळी फोन: ‘अहो, पट्टीचं काय झालंय बघा की, सगळं एकाला एक चिकटलंय.’ पडद्यावर ना तक्ता, ना रेघ. नाव, गाव, रवे, भाव सगळं काकवी सांडल्यासारखं सलग. आणि काही चुकलंय असा एक शब्द कुठे नाही! १.० मध्ये टॅगचं नुसतं नाव लिहिलं की ते नेमस्पेस नसलेल्या टॅगलाच लागू पडतं. माझं एकही टेम्प्लेट, म्हणजे कोणता टॅग कसा मांडायचा याचा नियम, जुळेना, म्हणून अंगभूत नियम नुसता मजकूर ओतत गेले. प्रत्येक नावाला नेमस्पेसचा उपसर्ग लावता लावता रात्रीचे साडेदहा वाजले.

त्याच फाइलीला नंतर सीएसएस लावून पाहिलं. वेगळं काही सांगितलं नसेल तर ते टॅगची नेमस्पेस विचारतच नाही. डिस्प्ले या गुणधर्माला टेबल, टेबल-रो, टेबल-सेल दिलं आणि तक्ता उभा राहिला. एखादी ओळ चुकली तर तेवढीच गळते, पान जागेवर राहतं. एक्सएसएलटीत एक टॅग बंद करायचा राहिला की अख्खं पान गेलं.

बेरजेचं काय? सॉफ्टवेअरवाल्यांकडून ‘एकूण’ची ओळ आणि गावांचा क्रम फाइलीतच मागून घेतला. दहा मिनिटांचं काम निघालं.

तुमची फाइल दुसऱ्याच्या हातात असेल आणि तिच्यात बदल मागून घेता येत नसेल, किंवा एकाच डेटातून पाच तऱ्हेची पानं काढायची असतील, तर माझं ऐकू नका, एक्सएसएलटीच घ्या. फक्त सर्व्हरवर चालवा; तिथे ३.० मिळतं, आणि ब्राउझरातलं एक्सएसएलटी काढून टाकणार असल्याचं क्रोमनं २०२५ मध्ये जाहीरही केलंय.

आमची पट्टी सध्या चाळीसेक ओळींच्या सीएसएसवर चालते. परवा गुळाच्या प्रतीचा रकाना वाढवायचा होता. शेजारच्या रकान्याची ओळ बघून पेढीवरच्या दिवाणजींनीच तो घातला.