धसका बसलाय, आता जायचं कुठं? सीमाभागातल्या घरांसाठी उपचारांची तुलना

पुस्तकात 'मानसिक आघात' म्हणतात. आमच्या निपाणीकडे म्हणतात, 'तिनं धसका घेतलाय.' माझ्या काकूनं तो ऑगस्ट 2019 च्या महापुरात घेतला. रात्री वेदगंगेचं पाणी गोठ्यात शिरलं, नातवाला कडेवर घेऊन ती बाहेर पडली आणि दाव्याला बांधलेली म्हैस तशीच राहिली. त्यानंतर पत्र्यावर पाऊस वाजला की ती उठून बसायची, कागदपत्रांची पिशवी छातीशी धरून. आम्हाला वाटलं, वय झालंय. जुलै 2021 ला पुन्हा पाणी चढलं आणि तिनं जेवणच टाकलं, तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले.

मग ज्यानं त्यानं आपापली वाट सांगितली. कुणी म्हणालं धारवाडला न्या, कुणी कोल्हापूरला, कुणी म्हणालं झोपेची गोळी द्या, कुणी उतारा टाकायला सांगितलं. आज ज्यांच्या घरात हाच पेच आहे त्यांच्यासाठी या वाटा शेजारी शेजारी ठेवून लिहितेय.

आधी थांबायचं की लगेच जायचं?

प्रत्येक वाईट प्रसंगाचा आजार होत नाही. पूर, अपघात, घरातला अचानक मृत्यू, यानंतर बहुतेकांची झोप-भूक काही आठवड्यांत जागेवर येते. त्या दिवसांत माणसांची सोबत, वेळेवर जेवण आणि हाताला रोजचं काम लागतं. बळेच समोर बसवून 'सांग, काय काय झालं' असं उकरून काढू नये. त्यानं पुढचा आजार टळत नाही.

महिना उलटला तरी माणूस तिथंच अडकलेला असेल तर मात्र थांबू नका. प्रसंग नुसता आठवत नाही, डोळ्यांसमोर पुन्हा घडतो. ती जागा, तो विषय माणूस टाळतो. स्वतःला दोष देत राहतो किंवा कशातच मन लागत नाही. भांडं पडलं तरी दचकतो. या खुणा एकत्र दिसल्या आणि रोजचं जगणं अडलं की डॉक्टर त्याला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, म्हणतात. हे नाव अमेरिकेतल्या मनोविकारांच्या यादीत 1980 साली आलं, त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचं दुखणं मोठं होतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच बेळगावात आहे, आपल्या गावोगावी माजी सैनिक आहेत. एखादे आजोबा रात्री ओरडून उठत असतील तर 'त्यांचा स्वभावच तसा' म्हणून सोडू नका. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल तर तिथूनच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायला सांगता येतं.

आणि जीव द्यायची भाषा असेल तर ही तुलना बाजूला ठेवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा, माणसाला एकटं सोडू नका. घरातली मारहाण चालूच असेल तर आधी तिथून सुटका, मग थेरपी. बायकांसाठी 181 आहे, पोरांसाठी 1098.

गोळ्या की बोलणं?

मनोविकारतज्ज्ञ एमबीबीएसनंतर शिकलेला डॉक्टर असतो, तो गोळ्या लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या लिहीत नाही, ठरलेल्या पद्धतीनं बोलून उपचार करतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंद असते. ती विचारायला लाजू नका. नुसतं 'समुपदेशक' असा फलक बघून आघाताच्या कामाला बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

धसक्यावरचा मुख्य उपचार बोलण्याचा. सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन या गोळ्यांचा उपयोग होतो, पण गुण यायला काही आठवडे लागतात आणि मनानं बंद केल्या तर त्रास होतो. झोप पार उडालेली, उदासी खोल, समोर बसून दोन वाक्यं बोलायची ताकद नाही, अशा माणसाला आधी गोळीनं उभं करावं लागतं. काकूचं तसंच झालं. गोळ्या सुरू झाल्या, दीड महिन्यानं ती बोलायला बसू शकली. म्हणून 'हे की ते' असा वाद घालू नका.

झोपेच्या गोळ्या मात्र वेगळ्या. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम गावातल्या दवाखान्यातून सहज मिळतात. काकूला एका डॉक्टरांनी आठ महिने त्याच दिल्या. झोप लागायची, धसका तसाच राहायचा, वर गोळीची सवय. प्रसंगानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय. आधीच सुरू असतील तर एकदम तोडू नका, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या.

देवाचं विचाराल तर आम्ही यल्लम्माला जाऊन आलो, काकूला बरंही वाटलं. देव आणि थेरपी यांचं भांडण नाही. पण कुणी गोळ्या बंद करा म्हणालं किंवा अंगावर हात टाकला, तर तिथून निघायचं.

बोलण्याच्या पद्धतींत कोणती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनांत मोठ्यांच्या पीटीएसडीसाठी सुचवलेल्या पद्धतींत या दोन आहेत: आघातावर केंद्रित सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारी बोलण्याची पद्धत, आणि ईएमडीआर, म्हणजे नजर फिरवत आठवणीवर काम करायची पद्धत.

सीबीटीच्या एका प्रकारात तो प्रसंग सुरक्षित खोलीत पुन्हा पुन्हा सांगायचा असतो, आणि टाळलेल्या जागी थोडं थोडं जायचं असतं. साधारण 8 ते 15 बैठका, दर बैठक तास-दीड तासाची. वर घरचा अभ्यास. सुरुवातीला त्रास वाढल्यासारखा वाटतो, आणि नेमकी तिथंच माणसं सोडून देतात. ईएमडीआर फ्रान्सिन शापिरो या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1987 पासून विकसित केली. आठवण मनात धरायची आणि थेरपिस्टच्या हलत्या बोटांमागे नजर फिरवायची. सगळं तोंडानं सांगावं लागत नाही, घरचा अभ्यासही फार नाही. अत्याचार झालेली बाई, जिला शब्दच उच्चारवत नाहीत, तिच्यासाठी मला ही वाट जास्त माणुसकीची वाटते. मात्र तिचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला माणूस आपल्या भागात शोधावा लागतो.

सीबीटीचाच आणखी एक प्रकार आहे, साधारण 12 बैठकांचा. त्यात प्रसंगापेक्षा त्यातून मनात रुतलेल्या समजुतीवर काम होतं. जिथं अपराधीपणा मोठा, तिथं हा. काकूचं एकच वाक्य होतं, 'म्या दावं सोडाय पायजे हुतं.' तिच्या कोल्हापूरच्या थेरपिस्ट मॅडमनी तिला उलटं समजावलं नाही. विचारलं, 'मावशी, त्या वेळी पाणी कुठवर होतं?' काकूनं कमरेला हात लावला. 'आणि हात कशात होते?' काकू बराच वेळ गप्प. मग म्हणाली, 'पोरगं हुतं की कडंवर.' हे तिला आम्ही हजारदा सांगितलं होतं. तिचं तिनं म्हटल्यावर पहिल्यांदा ती रडली.

लहानपणापासूनचा छळ, वर्षानुवर्षांची मारहाण, याच्या दुखण्याला आयसीडी-11 या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गुंतागुंतीचा पीटीएसडी असं वेगळं नाव आहे. तिथं डझनभर बैठकांचा हिशोब धरू नका, वेळ जास्त लागतो.

धारवाड, बेळगाव, कोल्हापूर की फोन?

धारवाडची डिमहान्स ही मानसिक आणि मेंदूच्या आजारांची सरकारी संस्था आहे. डॉक्टर, तपासण्या, सायकॉलॉजिस्ट एकाच आवारात, खर्च कमी. निदानाबद्दल गोंधळ असेल किंवा दुखणं जुनं असेल तर एकदा तिथं जाऊन यावं. पण बेळगावहून सत्तर-ऐंशी किलोमीटर, खानापूर-निपाणीच्या खेड्यातून अख्खा दिवस, आणि व्यवहार बहुतेक कन्नडमध्ये. दर आठवड्याला हे जमणार का, याचं खरं उत्तर घरात बसून द्या. बेळगावात बिम्सचं सरकारी रुग्णालय आणि केएलईचं मोठं रुग्णालय, दोन्हीकडे मनोविकार विभाग आहेत. निदान आणि गोळ्यांसाठी मी बेळगावच म्हणेन. निपाणीकरांना मात्र कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगावपेक्षा जवळ.

आता भाषा. यात राजकारण आणू नका, हा उपचाराचा भाग आहे. बाजार, बँक, शाळा आपण कन्नडमध्ये निभावतो, पण भीती आईच्या भाषेत साठलेली असते. कन्नड जिला घरच्यासारखी आहे तिनं खुशाल कन्नडमध्ये बोलावं. नुसती मराठी असूनही भागत नाही. आम्ही पुण्याच्या एका ऑनलाइन समुपदेशक बाईंकडे तीन बैठका केल्या. काकू म्हणायची, 'जाऊन बगावं वाटतंय, खरं...' आपल्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. त्या बाईंना ते 'खरंच' असं ऐकू यायचं, त्या म्हणायच्या, 'छान, मग जाऊया.' काकू गप्प व्हायची. शेवटी कोल्हापूरच्या मॅडम मिळाल्या, त्यांना 'खरं'नंतर थांबायचं कळत होतं.

प्रवास जमतच नसेल तर 14416 वर टेलि-मानस आहे. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली केंद्र सरकारची मोफत सेवा, चोवीस तास, 20 भाषांत, मराठीही त्यात आहे. फोन लावला की भाषा मराठी मागा. रात्री दोनला छाती धडधडते तेव्हा, किंवा कुणाकडे जावं हे विचारायला, ही सेवा चांगली. आठवड्यामागून आठवडे चालणाऱ्या थेरपीची जागा ती घेत नाही. 'गावात कळेल' ही भीती असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नं रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय. पहिल्याच भेटीत तसं विचारून घ्या.

आम्ही शेवटी असं ठरवलं: गोळ्या बेळगावात, बोलणं कोल्हापुरात. पहिल्या चार बैठका समोरासमोर, मग एक आड एक व्हिडिओवर, कारण ऊसतोडीच्या दिवसांत काकांना सोबत जाणं जमत नव्हतं. व्हिडिओची खोली आतून बंद करून घ्यायची, एवढा नियम पाळला. गोळी डॉक्टरांनी वर्षानंतर उतरवत आणली. आता गोठ्यात नवी रेडी आहे. पाऊस वाजला की काकू अजून उठते, दाव्याला हात लावून बघते आणि परत झोपते. पावसाळ्यात वेदगंगेवरच्या यमगर्णीच्या पुलावरून एसटी जाताना मात्र ती खिडकीबाहेर बघत नाही. पुढच्या बैठका त्यावर आहेत.