चूक सापडली तर दुरुस्त कोण करणार? शिक्षकांच्या रोजच्या वापरातल्या ऑनलाइन साहित्याची तुलना

पाचवीच्या परिसर अभ्यासातला पहिलाच पाठ, ‘आपली पृथ्वी – आपली सूर्यमाला’. शनीला उपग्रह किती, असं विचारलं तर वर्गातून तीन उत्तरं आली. एकाच्या जुन्या गाइडात ६२, दुसऱ्याच्या ताईच्या वहीत ८२, आणि आदल्या रात्री मोबाइलवर व्हिडिओ पाहून आलेल्या मुलीचे १४६. तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होती. “उद्या सांगते,” म्हटलं आणि घरी जाऊन शोधत बसले, तर चौथाच आकडा निघाला. मार्च २०२५ मध्ये शनीच्या एकदम १२८ नव्या उपग्रहांना मान्यता मिळाली आणि संख्या २७४ वर गेली. म्हणजे माझी मुलं चुकली नव्हतीच. ऑक्टोबर २०१९ च्या आधी ६२, मग ८२, २०२३ मध्ये १४६. प्रत्येक आकडा आपापल्या वेळी बरोबर होता. फक्त कुणाच्याच आकड्यापुढे तारीख नव्हती.

नव्याने रुजू झालेले शिक्षणसेवक विचारतात, “मॅडम, भरवशाची साइट कोणती?” या प्रश्नाला एका नावाचं उत्तर देता येत नाही. मी त्यांना दुसराच प्रश्न विचारायला सांगते: इथे चूक सापडली तर ती दुरुस्त करायला कुणी बसलंय का, आणि दुरुस्त झाल्याचं मला कळेल का? खालची तुलना याच प्रश्नावर केली आहे.

पाठ्यपुस्तकाची पीडीएफ आणि दीक्षा

बालभारती २७ जानेवारी १९६७ पासून पुस्तकं काढते आणि आता ती पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. आपण पुस्तक उघडतो ते थेट धड्यावर. सुरुवातीची दोन-तीन पानं मात्र जरूर वाचा. विषय समितीत कोण होतं, पहिली आवृत्ती कधीची, पुनर्मुद्रण कोणत्या वर्षाचं, हे सगळं तिथे असतं. चूक सापडली तर पत्र कुणाला लिहायचं ते माहीत असतं. दुरुस्ती मात्र पुढच्या छपाईपर्यंत थांबते. म्हणून बदलत्या आकड्यांसाठी पुस्तक संथ, पण धड्याचा आवाका, संज्ञा आणि परीक्षेतलं अपेक्षित उत्तर यासाठी त्याच्यापेक्षा मोठा अधिकार दुसऱ्या कशालाच नाही. एक काळजी घ्या. तीच पीडीएफ इतर साइटवरून उतरवली तर जुनी आवृत्ती हाती येऊ शकते, आणि टाचण लिहून झाल्यावर लक्षात येतं की तो पाठ आता पुस्तकात नाहीच.

दीक्षाचं थोडं वेगळं आहे. ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झालेलं हे व्यासपीठ केंद्र सरकारचं आहे, धड्याशेजारचा क्यूआर कोड स्कॅन केला की उघडतं. कॅमेरा चालत नसेल तर कोडखालची सहा अक्षरं टाइप करूनही जाता येतं. पण तिथला प्रत्येक व्हिडिओ, प्रत्येक प्रश्नसंच वेगवेगळ्या लोकांनी आणि संस्थांनी बनवलेला असतो. व्यासपीठ सरकारी आहे एवढ्यावर समाधान मानू नका. साहित्य कुणी बनवलं ते नाव वाचा आणि वर्गात लावण्याआधी एकदा पूर्ण बघा. पाठाशी जोडलेलं, जाहिरात नसलेलं साहित्य हवं असेल तर सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे.

विश्वकोश की विकिपीडिया

हा वाद आमच्या शिक्षण परिषदेत दरवेळी निघतो आणि दरवेळी दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर असतात.

मराठी विश्वकोशाचं काम वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादकत्वाखाली उभं राहिलं. पहिला खंड १९७६ चा. वीस खंडांचं ते सगळं भांडार आज ऑनलाइन खुलं आहे. नोंदीच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव असतं, संदर्भग्रंथ असतात. कुणीतरी आपल्या नावानिशी जबाबदारी घेतलेली असते, आणि माझ्या लेखी याचं मोल फार मोठं आहे. शिवाय भाषा. एखाद्या संज्ञेला मराठीत नेमकं काय म्हणायचं आणि ती संकल्पना दोन वाक्यांत कशी मांडायची, हे विश्वकोशातून जितकं शिकायला मिळतं तितकं दुसरीकडे कुठेच नाही.

पण छापील नोंद जिथे थांबली तिथेच थांबते. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ऑगस्ट २००६ मध्ये प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं. ‘प’ या अक्षराचे खंड त्याच्या कितीतरी आधीचे. लोकसंख्या, पीक उत्पादन, देशांची नावं, सगळ्याचं तेच. विश्वकोशाने हे ओळखून विषयवार ज्ञानमंडळं उभी केली आहेत. तिथल्या नव्या नोंदींवर लेखकाबरोबर समीक्षकाचंही नाव दिसतं. त्यामुळे शोधताना आपण जुन्या खंडाच्या पानावर आहोत की ज्ञानमंडळाच्या, हे आधी पाहून घ्या. दिसायला दोन्ही ‘विश्वकोश’च, पण मध्ये कधीकधी चाळीस वर्षांचं अंतर असतं.

विकिपीडियाचं बरोबर उलटं. इथे कुणीही लिहू शकतं, म्हणून आपले कितीतरी सहकारी त्याला हातच लावत नाहीत. मला हे पटत नाही. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, आणि प्रत्येक लेखावर ‘इतिहास पहा’ नावाचा दुवा आहे. तो दाबला की कोणतं वाक्य कुणी, कोणत्या दिवशी, किती वाजता बदललं ते ओळीने दिसतं. आपल्या खुल्या साहित्यात दुरुस्तीचा एवढा स्वच्छ हिशेब दुसरं कुणी ठेवत नाही. अडचण वेगळी आहे. इंग्रजी लेखावर हजारो डोळे असतात, मराठी लेखावर कधीकधी दोनच. एखाद्या गडावरच्या लेखात कुणी आपल्या गावाचं कौतुक घुसडलं तर ते वर्षभर तसंच राहू शकतं. म्हणून लेखातलं वाक्य उचलायचं नाही. वाक्यापुढचा छोटा आकडा दाबायचा, खालच्या संदर्भाकडे जायचं आणि तो उघडून वाचायचा. संदर्भच नसेल तर ते वाक्य फळ्यावर येणार नाही, हा माझा नियम.

मग निवड कशी करायची? संकल्पना समजून घ्यायची असेल, चरित्र हवं असेल, मराठी शब्द हवा असेल तर विश्वकोश. ताजी संख्या किंवा अलीकडची घटना हवी असेल तर विकिपीडियाच्या तळातले संदर्भ.

आणि साइट अगदीच अनोळखी असेल तर? सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये स्टॅनफर्डमधून एक अभ्यास मांडला होता. १० इतिहासाचे प्राध्यापक, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थी यांना काही साइट पारखायला दिल्या. प्राध्यापक आणि विद्यार्थी त्याच पानावर थांबून बोधचिन्ह, मांडणी, ‘आमच्याविषयी’ वाचत राहिले आणि पुष्कळदा फसले. तथ्यतपासनिसांनी ते पान जवळजवळ लगेच सोडलं, नव्या टॅब उघडल्या आणि या साइटबद्दल बाकीचे काय म्हणतात ते आधी पाहिलं. सोयरीक जुळवताना आपण तरी काय करतो? मुलाच्या घरच्यांनाच त्यांच्याबद्दल विचारत बसत नाही, गावात चौकशी करतो.

व्हिडिओ

इथे दोन प्रकार वेगळे काढा. काही करून दाखवणारा व्हिडिओ आणि काही सांगणारा व्हिडिओ.

करून दाखवणाऱ्याची परीक्षा सोपी आहे, कारण ती आपल्या हातात होते. पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवली आणि त्यांच्या चित्रफिती मराठीसकट अनेक भाषांत फुकट खुल्या केल्या. त्यातलं एखादं खेळणं आदल्या संध्याकाळी घरी करून बघा. फिरलं तर फिरलं, नाही तर आपली घडी चुकली. तिथे दुसऱ्या कुणाच्या दाखल्याची गरज पडत नाही.

सांगणाऱ्या व्हिडिओत मात्र आवाज, संगीत आणि आत्मविश्वास यांचंच वजन जास्त पडतं. एकदा चढवलेला व्हिडिओ आतून बदलणं जवळपास अशक्य असतं, त्यामुळे प्रामाणिक माणूस खालच्या वर्णनात दुरुस्ती लिहितो. ती लिहिलेली दिसली तर माझा त्या वाहिनीवरचा विश्वास वाढतो. बोलणाऱ्याचं नाव नाही, संदर्भ नाही, तारीख जुनी आणि पडद्यावर इंटरनेटवरची चित्रं, असा व्हिडिओ वर्गात लावू नका. इतिहासाच्या बाबतीत तर नाहीच.

ग्रुपवरून आलेलं

सगळ्यात जास्त वापर याचाच होतो आणि दुरुस्ती करणारं इथे कुणीच नसतं. परिपाठाचं दिनविशेष, सामान्य ज्ञानाचे प्रश्न, शिष्यवृत्तीचे प्रश्नसंच, सगळं सकाळी सातला ग्रुपवर येतं आणि दहाला परिपाठात वाचलं जातं. भारताचा राष्ट्रीय खेळ हॉकी, हे मीही परिपाठात वाचलं आहे आणि मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं आहे. केंद्र सरकारने २०१२ मध्येच माहिती अधिकाराखालच्या उत्तरात कळवलं होतं की कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही. युनेस्कोने आपल्या राष्ट्रगीताला जगात सर्वोत्कृष्ट ठरवल्याचा मजकूरही असाच कित्येक वर्षं फिरतोय. युनेस्कोने असं काहीही केलेलं नाही.

दिनविशेषात आणखी एक बारीक गोष्ट असते. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१, नायगाव, इथे शंका नाही. पण पुण्यात भिडे वाड्यातली मुलींची शाळा कोणत्या दिवशी सुरू झाली, हे कुठे १ जानेवारी तर कुठे ३ जानेवारी असं लिहिलेलं सापडतं. वर्ष सगळीकडे १८४८ आहे. अशा वेळी मी परिपाठात वर्ष सांगते, दिवस सांगत नाही. जेवढं पक्कं तेवढंच मुलांच्या कानावर घालायचं.

याच ग्रुपवर शासन निर्णयही येतात, सुट्टीचे, बदल्यांचे, परीक्षेचे. त्यांची परीक्षा सुदैवाने अगदी सोपी आहे, फक्त कुणी ती करत नाही. खऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी एक ओळ असते: हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक आहे. तो लांबलचक आकडा नीट बघा, सुरुवातीला वर्ष, मग महिना, मग दिवस. वर लिहिलेल्या तारखेशी हे आठ आकडे अजिबात जुळत नसतील तर सावध व्हा. जुळत असतील तरी शासनाच्या संकेतस्थळावर तो संकेतांक टाकून मूळ पीडीएफ उघडा. दोन मिनिटं लागतात. ग्रुपवर आलेला फोटो अर्धा कापलेला असेल आणि संकेतांकाची ओळच नसेल, तर तो पुढे पाठवू नका, पाठवणाऱ्याकडे पूर्ण प्रत मागा.

एआयचे चॅटबॉट

हे चॅटबॉट मराठी आता छान लिहितात आणि धोका त्यातच आहे. भाषा सफाईदार असली की मजकूर खरा वाटतो. चूक दाखवली तर माफी मागून उत्तर बदलतात, पण ती दुरुस्ती तुमच्या पडद्यापुरती. शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाला तेच चुकीचं उत्तर पुन्हा मिळू शकतं. संदर्भ विचारला तर अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचं नावही मिळू शकतं. तरी मी ते वापरते, एका अटीवर: उत्तर एका नजरेत मला स्वतःला तपासता आलं पाहिजे. भागाकाराची वीस शाब्दिक उदाहरणं, एकाच उताऱ्यावर सोपे आणि अवघड असे दोन प्रश्नसंच, पालकांना पाठवायच्या सूचनेचा मसुदा. तारीख, आकडा, व्यक्ती आणि कायदा यासाठी नाही.

नवीन शिक्षणसेवकाने आज रात्रीच ठरवायचं असेल, तर माझा सल्ला असा. आपल्या इयत्तेची सगळी पुस्तकं ई-बालभारतीवरून उतरवून फोनमध्ये ठेवा, शाळेत रेंज नसते. दिनविशेष आठवड्याचं एकदम करा, रविवारी, विश्वकोशातून पडताळून. रोज सकाळी ग्रुपवर अवलंबून राहण्याची वेळच येणार नाही. कोणताही बदलता आकडा टाचणात लिहिताना शेजारी महिना आणि वर्ष लिहा. आमच्या वर्गाच्या भिंतीवर आता सूर्यमालेचा तक्ता आहे. शनीपुढे २७४ लिहिलंय, खाली ‘मार्च २०२५’. पाचवीच्या मुलींनी तो आकडा पेन्सिलने लिहिला आहे.